पडद्यावर शेवटी जिवंत कोण राहते?

सिनेमात बाबासाहेबांचा फोटो दिसला की आपल्या वस्त्यांमध्ये शिट्ट्या पडतात. 2022 साली 'झुंड'मध्ये अमिताभ बच्चन बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर हात जोडतो, तेव्हा आम्हीही शिट्ट्या मारल्या. त्याची आम्हाला लाज वाटत नाही. शंभर वर्षांच्या हिंदी सिनेमात जयंतीची मिरवणूक इतक्या थाटात कधी दिसली होती? पण घरी येताना प्रश्न पडला. फोटो दिसला म्हणजे सिनेमा आपला झाला का? आपले तरुण आज व्हॉट्सअॅपवर "या पिक्चरमध्ये बाबासाहेब आहेत, नक्की बघा" असा मेसेज फिरवतात आणि तिथेच परीक्षण संपते. आम्ही दुसरी कसोटी सुचवतो. सिनेमा संपतो तेव्हा आपला माणूस जिवंत असतो का? आणि शेवटचा शब्द कोणाचा असतो? ही कसोटी जुन्या-नव्या चित्रपटांना लावून पाहू. आमची मते काहींना कडू लागतील, तरी ती स्पष्टच मांडलेली बरी.

सुरुवात 1935 पासून करू. त्या वर्षी प्रभातने व्ही. शांतारामांचा 'धर्मात्मा' आणला. बालगंधर्व संत एकनाथ झाले. अस्पृश्याच्या घरी जेवणारे एकनाथ पाहून प्रेक्षकांचे डोळे पाणावले. त्याच वर्षी 13 ऑक्टोबरला येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केले की, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. म्हणजे पडद्यावर सवर्ण संताच्या मोठ्या मनाचे कौतुक चालले होते, आणि येवल्यात अस्पृश्य समाज त्या मोठ्या मनाची वाट पाहायची नाही असे ठरवत होता. नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात पाच वर्षे उभे राहून जे कळले, त्याचा मागमूसही सिनेमाला नव्हता.

1936 चे तर विचारूच नका. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने भाषण नाकारले म्हणून बाबासाहेबांनी ते स्वतःच छापले. जातिव्यवस्थेच्या मुळावर घाव घालणारा तो ग्रंथ त्या वर्षी बाहेर पडला. त्याच वर्षी बॉम्बे टॉकीजचा 'अछूत कन्या' झळकला. देविका राणीची कस्तुरी ही रेल्वे फाटकावरच्या दुखियाची मुलगी, आणि अशोककुमारचा प्रताप हा ब्राह्मण दुकानदाराचा मुलगा. साप चावलेल्या त्या ब्राह्मणाचा जीव दुखियाच वाचवतो. शेवटी रुळांवर दोन पुरुषांची मारामारी सुरू असताना येणारी गाडी थांबवायला कस्तुरी धावते आणि गाडीखाली जाते. पुढे फाटकाजवळ तिचे स्मारक उभे राहते. बाप जीव वाचवतो, मुलगी जीव देते आणि मेल्यावर ती पूज्य ठरते. जिवंत कस्तुरीने ब्राह्मणाच्या घरात सून म्हणून पाऊल ठेवले असते, तर तो सिनेमा 1936 साली चालला असता का? पुणे करारानंतर देशभर जे हरिजनोद्धाराचे वारे वाहत होते, त्याची मर्यादा या एका शेवटात दिसते.

पुढे येतो 1959 चा 'सुजाता'. बिमल रॉय मोठे दिग्दर्शक होते आणि नूतनचा अभिनय आजही डोळ्यांसमोरून हलत नाही. ते आम्ही मान्य करतो. पण गोष्ट काय आहे? ब्राह्मण घरात वाढलेली अस्पृश्य मुलगी आईला रक्त देते, आई वाचते आणि मगच तिचा "आपली मुलगी" म्हणून स्वीकार होतो. कस्तुरीला जीव द्यावा लागला, सुजाताचे रक्तावर भागले. तेवीस वर्षांत झालेली प्रगती एवढीच! या चित्रपटात चांडालिकेची, म्हणजे भिक्खू आनंदाला पाणी देणाऱ्या मुलीची कथाही येते. पण अवघ्या तीन वर्षांपूर्वी नागपूरला लाखो लोकांनी बुद्धाचा मार्ग स्वीकारला होता, त्याचा उल्लेख नाही. 1958 ला दादरमध्ये पहिले दलित साहित्य संमेलन झाले, अण्णा भाऊ साठ्यांनी त्याचे उद्घाटन केले. आपला माणूस लिहीत होता, बोलत होता, पक्ष काढत होता. सिनेमातला मात्र अजून कोणीतरी आपल्याला जवळ घेईल म्हणून अंगणात उभा होता.

1981 साली सत्यजित रायनी दूरदर्शनसाठी प्रेमचंदांच्या कथेवर 'सद्गती' केला. यात खोटी माया नाही. ओम पुरीचा दुखी ब्राह्मणाच्या दारात उपाशीपोटी लाकूड फोडताना मरतो आणि मोहन आगाशेंचा ब्राह्मण त्याचे प्रेत दोरीने ओढत नेतो. ब्राह्मण्य इतक्या निर्दयपणे फार कमी वेळा दाखवले गेले. 'सद्गती' प्रत्येक कार्यकर्त्याने पाहावा, असे आमचे मत आहे. तरीही एक गोष्ट नोंदवतो. 1936 मध्ये नाव दुखिया, 1981 मध्ये दुखी. दरम्यान पँथर येऊन गेली होती, नामांतराच्या लढ्यात मराठवाड्यात माणसे जाळली गेली होती आणि तरीही माणसे माघार घेत नव्हती. पण मोठ्या दिग्दर्शकाच्या कॅमेऱ्याला दुखी सापडला, पँथर सापडला नाही.

लगेच 1982 मध्ये अॅटनबरोंचा 'गांधी' आला. सरकारी पैसा लागला, आठ ऑस्कर मिळाले. इतक्या मोठ्या चित्रपटात बाबासाहेबांचे पात्रच नाही! गांधीजींचे आयुष्य बाबासाहेबांशिवाय सांगणे म्हणजे पुणे करारातली एक सही खोडून टाकणे. ही चूक भरून काढायला 2000 साल उजाडावे लागले. जब्बार पटेलांच्या चित्रपटात मामुट्टींनी बाबासाहेब उभे केले आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. तो चित्रपट थिएटरपेक्षा आपल्या विहारांत आणि जयंतीच्या मैदानांत, पांढऱ्या पडद्यावर जास्त पाहिला गेला. वितरकांनी जे केले नाही ते वस्तीने वर्गणीतून केले.

आता आपल्या काळात येऊ. 'फँड्री'त डुक्कर काठीला बांधून नेणारे कुटुंब एका भिंतीसमोरून जाते. भिंतीवर बाबासाहेब, फुले, सावित्रीमाई, शाहू महाराज आहेत. तिथे शिट्टी वाजवणाऱ्याला सिनेमा कळलाच नाही, असे आम्ही म्हणू. ती भिंत आपल्यालाच विचारते की महापुरुष भिंतीवर गेले, पण जब्याच्या खांद्यावरचे ओझे कोणी उतरवले? शेवटी जब्या दगड भिरकावतो. तो जिवंत आहे आणि शेवटची कृती त्याची आहे.

'सैराट'मध्ये आर्ची आणि परशा मारले जातात. मग तोही 'अछूत कन्या'च का? आमचे उत्तर नाही असे आहे. कस्तुरीच्या मरणाने सवर्ण प्रेक्षक पवित्र होऊन घरी गेला. 'सैराट'च्या शेवटी रक्ताची पावले पाहून त्याच्या तोंडातून शब्द फुटेना. मारणारे घरचेच आहेत, हे तो सिनेमा लपवत नाही. त्याचाच हिंदी अवतार 'धडक' मात्र जातीचे नावही घ्यायला घाबरला. जात काढून टाकली की उरते ती श्रीमंत-गरिबाची घिसीपिटी कहाणी.

या कसोटीवर सर्वात खरा उतरलेला चित्रपट तमिळमधला आहे. मारी सेल्वराजचा 2018 चा 'परियेरुम पेरुमल'. कायदा शिकणारा दलित तरुण मार खातो, अपमान गिळतो, त्याला रुळांवर मरायला टाकले जाते. तरी तो उठतो. शेवटी मुलीच्या बापासमोर उभा राहून तो आपले म्हणणे मांडतो. टेबलावर चहाचे दोन ग्लास आणि मध्ये एक फूल राहते. ज्या रुळांवर कस्तुरी मेली, त्याच रुळांवरून हा पोरगा जिवंत परत आला. मधे ब्याऐंशी वर्षे गेली. हा फरक पडला कारण गोष्ट सांगणारा त्याच समाजातून आला होता आणि पा. रंजितसारखा निर्माता पाठीशी होता.

म्हणून आनंदाने गाफील राहू नका. 1954 मध्ये आचार्य अत्र्यांच्या 'महात्मा फुले' चित्रपटाचा मुहूर्त बाबासाहेबांच्या हस्ते झाला होता आणि त्याला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. 2025 मध्ये 'फुले' येणार म्हटल्यावर ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले, सेन्सॉरने महार, मांग, पेशवाई हे शब्द काढायला लावले आणि जोतिबांच्या जयंतीला, 11 एप्रिलला, येणारा चित्रपट 25 तारखेवर गेला. एकाहत्तर वर्षांत समाज पुढे गेला की मागे? ज्यांचे दुःख सांगायचे त्यांच्या जातीचे नावच घ्यायचे नसेल, तर फुल्यांनी शाळा काढली कोणासाठी?

मित्रांनो, पुढच्या जयंतीला डीजेच्या वर्गणीतून एका प्रोजेक्टरचे पैसे बाजूला काढा. विहारात 'अछूत कन्या' आणि 'परियेरुम पेरुमल' लागोपाठ दाखवा. नंतर दिवे लावून पोरांना आणि विशेषतः पोरींना बोलू द्या. त्यांच्यातलीच एखादी उद्या कॅमेरा हातात घेईल. तिच्या सिनेमात कस्तुरी गाडीखाली जाणार नाही, एवढी खात्री आम्हाला आहे.

जय भीम!