ओझ्याची सायकल

मिलचा भोंगा झाला की आमच्या सोलापुरात आधी घंट्या ऐकू यायच्या आणि मग माणसं दिसायची. पाळी सुटलेली आणि पाळीवर निघालेली, दोन्हीकडची गर्दी सायकलींची. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायची पद्धत पडली. आमच्या गावाला ती पदवी कुणी दिली नाही. पुण्याची सायकल कॉलेजला आणि कचेरीला जायची, आमची मिलला, एवढाच काय तो फरक. हे थोडं अन्यायाचं बोललो, खडकीच्या कारखान्यांतले कामगारही सायकलनेच जात. पण पुण्याच्या आठवणी लिहिणारे पुष्कळ झाले. आमच्या सायकलींची नोंद मिस्त्रींच्या तेलकट वह्यांत राहिली आणि त्या वह्या रद्दीत गेल्या.

अशाच एका दुकानात मी लहानाचा मोठा झालो. अब्बा सायकलचे मिस्त्री. नवी सायकल करून घ्यायला कुणी आलं की ते किंमत सांगत नसत, आधी विचारत, "ओझं किती असतं?"

सायकल करून घ्यायची, हे आजच्या मुलांना विचित्र वाटेल. सायकल विकत घेतात, करून कशी घेतात? त्याचं उत्तर इतिहासात आहे. सारख्या आकाराची दोन चाकं आणि मागच्या चाकाला चेन, ही आजची ठेवण इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी 1885 मध्ये रूढ केली. डनलॉप यांचा हवेचा टायर 1888 चा. स्वातंत्र्यापूर्वी आपल्याकडे बहुतेक सायकली तिकडूनच यायच्या. पुढे मुंबईत वरळीला हिंद सायकलचा कारखाना निघाला. तिथल्या एका रस्त्याला अजून तेच नाव आहे. मद्रासजवळ अंबत्तूर, बंगालात आसनसोल, उत्तरेत सोनिपत इथे मोठे कारखाने उभे राहिले. लुधियानाची गोष्ट मात्र वेगळी. तिथे आधी सुटे भाग तयार होऊ लागले, घराघरांत आणि लहान लहान शेडमध्ये. फाळणीच्या काळात पश्चिम पंजाबातून आलेले मुंजाल बंधू आधी हे सुटे भागच विकत, मग चिमटे आणि हँडल बनवू लागले आणि 1956 मध्ये त्यांनी अख्खी सायकल काढली, ती हीरो.

इंग्रजी सायकलीचं माप सगळ्यांनी उचललं आणि वर्षानुवर्षं बदललं नाही. त्यामुळे एकाची रिम, दुसऱ्याचा हब आणि तिसऱ्याचं फ्रीव्हील एकमेकांत बिनबोभाट बसत. मिस्त्री सायकल जुळवू शकला तो यामुळे.

आता अब्बांची निवड कशी चाले ते सांगतो. फ्रेम डबल नळीची, म्हणजे सीटपासून हँडलपर्यंत एकाखाली एक दोन नळ्या. दूधवाल्याची असेल तर पुढच्या चिमट्याला बाहेरून आणखी दोन सळ्या, ॲक्सलपासून वर हँडलपर्यंत. चाकं 28 इंची. पुढे 32 स्पोक, मागे 40, कारण माणूस आणि ओझं दोन्ही मागच्या चाकावर. ब्रेक वायरचे नाहीत, सळ्यांचे. त्यामागे हिशेब होता. सळीच्या ब्रेकचं रबर रिमला आतल्या अंगाने, खालून वर दाबतं. ओझ्याने चाकात थोडा आऊट आला, चाक डावी-उजवीकडे डुलू लागलं, तरी हा ब्रेक लागतो. कडेने दाबणारा ब्रेक अशा चाकाला घासत राहतो. मडगार्डच्या बाबतीत मात्र शहर आणि खेडं वेगळं. शेतावर जाणारा म्हणायचा, मागचं मडगार्ड काढूनच टाका. आपल्या काळ्या जमिनीचा चिखल टायर आणि मडगार्डच्या मध्ये असा बसतो की चाक फिरत नाही, सायकल खांद्यावर घ्यावी लागते. आणि टायर जाड, कारण बाभळीचे काटे.

सगळ्यात जास्त चर्चा दातांची. गिअर एकच असायचा, म्हणून तो नेमका निवडावा लागे. पुढे 48 दात आणि मागे 18 असले तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळजवळ सहा मीटर जाते. मोकळ्या माणसाला हे छान. पण सुताचं बाचकं लादून भैय्या चौकाजवळच्या जुन्या रेल्वे पुलाचा चढ चढायचा असेल तर छातीचा भाता होई. तिथे अब्बा पुढे 44 आणि मागे 22 दात बसवत. फेऱ्यात साडेचार मीटरच्या आसपास. सायकल हळू, पण उतरावं लागत नाही. गिऱ्हाईक कुरकुर करे, "मिस्त्री, पाय नुसते भिरभिरतात." अब्बा म्हणत, "ओझं नसताना भिरभिरू दे."

गिअरची सायकल ठाऊक नव्हती म्हणून एकच गिअर, असं कुणी समजू नये. तीन गिअरचा हब इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच निघाला होता. मी कॉलेजात असताना त्यावरून अब्बांशी वाद घातला होता. ते आमच्या दखनीत म्हणाले, "जो हैच नईं, वो बिगडता कैसा?"

गंमत म्हणजे डोंगरावरच्या सायकलीचा जन्मही असल्याच साध्या सायकलीतून झाला. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मरिन भागातली पोरं 1970 च्या दशकात तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या जुन्या, जाड टायरच्या सायकली उचलून आणत आणि डोंगरावरून खाली सोडत. गिअर एकच, ब्रेक मागच्या हबमध्ये. 1976 मध्ये त्यांच्या शर्यती सुरू झाल्या. उतार इतका की हब तापून आतलं ग्रीस जळून जाई आणि खाली पोचल्यावर ते पुन्हा भरावं लागे. शर्यतीला नावच त्यावरून पडलं, 'रिपॅक'. तिकडे मौजेसाठी चाललेली निवड इकडे पोटासाठी चालली होती. त्यांनाही भाग मोडून मोडूनच शहाणपण आलं. आमच्याकडे ते कसं आलं, त्यातला एक प्रसंग माझ्याच हातचा आहे.

1990 च्या दशकाच्या मध्याला लक्ष्मी-विष्णू मिल बंद पडली. हजारो घरांच्या चुली त्यावर होत्या. त्या काळात दुकानात एकच काम वाढलं: मिलला जायची सायकल ओझ्याची करून द्या. कालपर्यंत कॅरिअरला फक्त जेवणाचा डबा लावणारा माणूस आता त्यावर भाजी, दुधाचे कॅन नाहीतर चादरींचे गठ्ठे बांधणार होता. असाच एक तेलुगू भाषक विणकर आला. यंत्रमागावरून चादरी उचलून पेठेत पोचवायचं काम त्याला मिळालं होतं. पैसे अगदी मोजके. अब्बांनी हिशेब मांडला: रंग नको, सीट जुनी चालेल, पुढचं चाक तसंच राहू दे, सगळे पैसे मागच्या चाकात घाल. रिम नवी, स्पोक नवे, फ्रीव्हील नवं.

तो शुक्रवार होता. अब्बा जुम्म्याच्या नमाजला गेले आणि चाक भरायला मी बसलो. बी.ए. होऊन तीन वर्षं झाली होती, नोकरी नव्हती, कविता होत्या. मला त्या माणसाची दया आली. जुन्या चाकाचे स्पोक सरळ दिसत होते. तेच पुसून नव्या रिमला लावले आणि नव्या स्पोकचे पैसे त्याला परत दिले. आऊट काढला, चाक भिंगरीसारखं फिरलं.

स्पोक मधे तुटत नाही. हबच्या भोकात तो जिथे वाकलेला असतो तिथे तुटतो, आणि आतून थकलेला लोखंडी वाक डोळ्यांना दिसत नाही. एक तुटला की त्याचा भार शेजारच्यांवर येतो, मग तेही जातात. चौथ्या दिवशी पावसात, पुलाच्या उतारावर त्याचं चाक बसलं. गुडघा फुटला आणि तीन गठ्ठे गटाराच्या पाण्यात पडले. व्यापाऱ्याने खराब चादरी त्याच्या मजुरीतून कापायच्या ठरवल्या.

अब्बांनी चाक खोललं, तुटलेले नऊ स्पोक माझ्यासमोर मांडले आणि काही बोलले नाहीत. नवे चाळीस स्पोक काढून दिले, मला भरायला लावलं. त्या खराब चादरी त्यांनीच विकत घेतल्या, हप्त्याने. आमच्या घरात पुढे कितीतरी वर्षं त्याच होत्या. अम्मीने चार वेळा धुतल्या तरी एकीच्या काठावरचा डाग गेला नाही.

परवा एका दुकानात पाहिलं, एक मुलगा महागडी गिअरची सायकल घेऊन आला होता. गिअर वाकलेला. म्हणाला, "काका, सिंगल करून द्या." मिस्त्री मागे वाकून बघत होता. जुन्या फ्रेमला चाक बसायच्या खाचा आडव्या असतात, चाक मागे ओढलं की चेन ताणली जाते. या फ्रेमच्या खाचा उभ्या, चाक मागे सरकायला जागाच नाही. मग चेनची एकेक कडी मोजत तो मागे 18 लावून बघे, मग 20, कुठे चेन आपोआप ताठ बसते ते शोधत. मुलगा मोबाईल बघत उभा होता. मी मात्र ते जमेपर्यंत तिथून हललो नाही.