साखळी करवत : कोकणातील वापर व इतिहास

साखळी करवत : एका लांबट पोलादी पट्टीच्या कडेने वेगाने फिरणाऱ्या दातेरी साखळीने लाकूड कापणारे, हाताने उचलून वापरावयाचे यंत्र. ते पेट्रोलवर चालणाऱ्या लहान एंजिनाने, विजेच्या चलित्राने अथवा विद्युत्‌ घटमालेने चालविले जाते. व्यवहारात त्यास ‘चेन सॉ’ वा ‘कटर’ म्हणतात. जंगलातील व्यापारी लाकूडतोडीसाठी निर्माण झालेले हे यंत्र विसाव्या शतकाच्या अखेरीपासून बागायतदारांच्या व सामान्य कुटुंबांच्या हाती आले. रत्नागिरीच्या दक्षिणेस असलेल्या पावस व त्याच्या आसपासच्या आंबा-काजूच्या पट्ट्यात हा बदल स्पष्टपणे दिसून येतो. तेथील बहुतेक झाडे खाजगी मालकीची असल्यामुळे यंत्राची निवड आणि झाडाचे भवितव्य हे दोन्ही निर्णय बव्हंशी एकाच माणसाने घ्यावयाचे असतात.

पूर्वीची साधने : कोकणातील घरी लाकडाचे काम कोयता, कुऱ्हाड व करवत या तीन हत्यारांवर चाले. कमरेच्या आकडीत अडकविलेला कोयता फांद्या सवळण्यास, भाजावळीसाठी ऐन-किंजळाची कवळे तोडण्यास आणि वाट मोकळी करण्यास पुरे. खोड पाडण्याचे व ओंडके फोडण्याचे काम कुऱ्हाडीचे. वासे व फळ्या काढावयाच्या असल्या, म्हणजे ओंडका उंच घोडीवर चढवून एक माणूस वर व एक खाली उभा राही आणि दोघे मिळून मोठी करवत ओढीत. आगोटीपूर्वी चुलीसाठी व न्हाणीघरातील बंबासाठी लाकूडफाट्याची बेगमी करणे, हे प्रत्येक घराचे वार्षिक काम होते. ते कष्टाचे व सावकाशीचे असल्यामुळे त्याला एक नैसर्गिक मर्यादा होती. जुने झाड पाडावयाचे, तर चार माणसे व एक-दोन दिवस लागत, आणि तेवढ्या अवधीत ते खरोखर पाडावयाचे की नाही, याचा विचार करण्यास सवड मिळे.

झाडांवरील हक्क : या प्रदेशात झाड तोडण्याचा प्रश्न जुना आहे. मराठ्यांच्या आरमाराला गुराबा व गलबते बांधण्यासाठी सागवानाची मोठी गरज होती. रामचंद्रपंत अमात्य यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या प्रकरणी याविषयी स्पष्ट धोरण सांगितले आहे. स्वराज्यातील सागादी लाकूड परवानगीने तोडावे, अधिक लागल्यास परमुलखातून विकत आणावे. आंबा, फणस ही झाडे आरमाराच्या उपयोगाची असली, तरी त्यांना हात लावू नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. एखादे झाड जीर्ण होऊन निकामी झाले असेल, तर धन्यास राजी करून व मोल देऊनच ते तोडावे, असे त्याचे तात्पर्य आहे.

इंग्रजी अंमल सुरू झाल्यावर १८२४ च्या सुमारास रत्नागिरीचे कलेक्टर डनलॉप यांनी जाहीरनामा काढून खाजगी जमिनीतील साग व इतर झाडांवरील सरकारी हक्क सोडून दिला. त्यामुळे या जिल्ह्यात राखीव सरकारी वनांचे क्षेत्र फारच थोडे राहिले आणि वृक्षसंपत्ती मुख्यतः मालकी जमिनीत उरली. स्वातंत्र्योत्तर काळात मालकी झाडांवरही काही निर्बंध आले. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ अन्वये साग, ऐन, किंजळ, खैर, आंबा, फणस, जांभूळ, चिंच इ. अनुसूचित झाडे वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. मात्र झाड मेलेले, रोगट, वाऱ्याने उन्मळून पडलेले वा जीवितास व मालमत्तेस धोकादायक असल्यास परवानगी देण्याची तरतूद त्यात आहे. घरात यंत्र असले, तरी झाड तोडण्याचा परवाना त्याबरोबर मिळत नाही, ही गोष्ट अनेकदा विसरली जाते.

यंत्राचा विकास : साखळीने कापण्याची कल्पना लाकूडतोडीतून नव्हे, तर शस्त्रक्रियेतून आली. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकेन व जेम्स जेफ्री या स्कॉटिश वैद्यांनी हाड कापण्यासाठी दातेरी साखळीचा उपयोग केला. बेर्नहार्ट हाइने या जर्मन कारागिराने सु. १८३० मध्ये हाताने फिरवावयाचे व पट्टीवर साखळी बसविलेले अस्थिच्छेदक उपकरण तयार केले. लाकूडतोडीच्या यंत्रांचा काळ यानंतर सुमारे शंभर वर्षांनी आला. आंड्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये जर्मनीत विजेवर चालणारी साखळी करवत बनविली. १९२७ मध्ये एमिल लेर्प यांनी पेट्रोलवर चालणाऱ्या करवतीची चाचणी थुरिंजियातील डोल्मार पर्वतावर घेतली. श्टील यांची पेट्रोल करवत १९२९ मध्ये आली. तिचे वजन सु. ४६ किग्रॅ. असून ती चालविण्यास दोन माणसे लागत.

दुसऱ्या महायुद्धानंतर हलक्या मिश्रधातूंचा वापर वाढला. कोणत्याही कोनात इंधनपुरवठा करणाऱ्या पटल-कार्ब्युरेटरमुळे यंत्र आडवे-तिरपे धरणे शक्य झाले. १९५० च्या सुमारास एका माणसाने चालवावयाच्या करवतीचे वजन १६ किग्रॅ. पर्यंत उतरले आणि पुढे कंपनरोधक मुठी व साखळी-रोधक यांची भर पडली.

साखळीतील निर्णायक सुधारणा मात्र एका किड्यामुळे घडली. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात लाकूडतोडीचे काम करणाऱ्या जोसेफ कॉक्स यांनी १९४६ मध्ये एका भुंगेऱ्याची अळी लाकूड पोखरताना पाहिली. ती आपल्या वक्र जबड्यांनी आलटून-पालटून डावीकडे व उजवीकडे कुरतडीत पुढे जात होती. त्यावरून त्यांनी वक्र दात एकाआड एक डाव्या-उजव्या बाजूस असलेली साखळी तयार केली व १९४७ मध्ये ती विक्रीस आणली. आजच्या बहुतेक साखळ्या याच तत्त्वावर बनतात. हा भुंगेरा सेरँबिसिडी कुलातील असून कोकणातील जुन्या आंब्यांची खोडे पोखरणारा खोडकिडाही त्याच कुलातील आहे. बागायतदाराचा शत्रू व त्याच्या हातातील करवतीचा दात यांचे असे दूरचे नाते आहे. [⟶ आंबा, करवत].

कोकणातील प्रसार : या यंत्राच्या प्रसारास येथे मुख्यतः तीन कारणे झाली. पहिले बागायतीचे. १९९० पासून रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीमुळे आंबा व काजू यांचे क्षेत्र वाढले. दुसरीकडे जुन्या हापूसच्या बागा दाट व उंच होऊन त्यांचे उत्पन्न घटू लागले होते. अशा झाडांच्या पुनरुज्जीवनासाठी दापोली येथील कोकण कृषी विद्यापीठाने (स्थापना १९७२) छाटणीची पद्धत सांगितली. जाड फांद्या योग्य उंचीवर न पिचता कापावयाच्या, तर कुऱ्हाडीपेक्षा साखळी करवत श्रेयस्कर ठरते. कापलेल्या भागास बोर्डो मलम लावतात व नव्या फुटीची विरळणी करतात. दुसरे कारण मजुरांच्या टंचाईचे. तरुण मंडळी मुंबई-पुण्याकडे गेल्याने करवत ओढणारी जोडी गावात मिळेनाशी झाली.

तिसरे कारण वादळांचे. ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर धडकलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागातील दापोली व मंडणगड तालुक्यांत नारळी-पोफळीच्या व आंब्याच्या बागा आडव्या केल्या. मे २०२१ मधील ‘तौक्ते’ वादळ रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळून गेले व पावसच्या पट्ट्यालाही त्याचा फटका बसला. अशा वेळी रस्त्यांवरील झाडे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल व शासकीय यंत्रणा हटवितात. परंतु घराच्या कौलांवर पडलेला फणस वा वाडीच्या वाटेवर आडवा झालेला आंबा तेथे पोहोचेपर्यंत कित्येक दिवस जातात. वाडीत एखादी चालू स्थितीतील करवत असणे, ही तेव्हा चैन नसून गरज ठरते.

घरगुती यंत्राची निवड : बाजारात ५२ किंवा ५८ घ.सेंमी. क्षमतेची व सु. ५५ सेंमी. पट्टीची, चीनमध्ये बनलेली यंत्रे कमी किंमतीत मिळतात. मोठे एंजिन व लांब पट्टी स्वस्तात मिळाल्याने ग्राहक आकर्षित होतो; परंतु ही यंत्रे जड असतात आणि अननुभवी हातात लांब पट्टी अधिक धोकादायक ठरते. घरचे सरपण, फांद्यांची छाटणी व क्वचित पडलेले झाड एवढ्या कामासाठी ३० ते ४० घ.सेंमी. एंजिन, ३५ ते ४० सेंमी. पट्टी आणि ४ ते ५ किग्रॅ. वजन पुरेसे होते. पट्टीची लांबी नेहमीच्या ओंडक्याच्या व्यासाहून थोडी अधिक असावी, हा सामान्य नियम होय. किंमतीआधी चार गोष्टी पाहाव्यात : साखळी-रोधक नीट काम करतो काय, पट्टीला तेल आपोआप पोहोचते काय, मुठी कंपनरोधक आहेत काय आणि साखळी, पट्टी व कार्ब्युरेटर यांचे सुटे भाग जवळच्या बाजारपेठेत मिळतात काय. सुट्या भागांअभावी अडगळीत पडलेले स्वस्त यंत्र हेच सर्वांत महाग होय.

विजेच्या तारेवर चालणारी करवत स्वस्त, हलकी व कमी आवाजाची असते. अंगणातील कामास ती उत्तम; मात्र पावसात वापरता येत नाही आणि वादळानंतर वीज नसताना निरुपयोगी होते. घटमालेवरील करवत फांद्यांच्या छाटणीस सोयीची असली, तरी सलग मोठ्या कामास अपुरी पडते. आंब्याच्या हंगामात राखणीसाठी मांगरात राहणाऱ्यांना किंवा रानात मुक्काम करणाऱ्यांना वाळक्या फांद्या तोडण्यापुरती घडीची हातकरवत व कोयता पुरेसा होतो. राखीव वनात तर भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे विनापरवाना तोड हा गुन्हा असून तोडीसाठी वापरलेली हत्यारेही जप्त होऊ शकतात. सह्याद्रीत मुक्कामास जाणाऱ्याने म्हणूनच करवत घरी ठेवणेच योग्य.

निगा व सुरक्षितता : द्विधाव एंजिनात पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते. ५० : १ प्रमाण सांगितले असल्यास एक लिटर पेट्रोलला २० मिली. व २५ : १ असल्यास ४० मिली. तेल घेतात. कोकणात जांभ्या दगडाला वा गडग्याला साखळी एकदा लागली, तरी दात बोथट होतात. म्हणून ओंडका जमिनीपासून उचलून कापावा. बोथट साखळी चुऱ्याऐवजी पीठ पाडते. ते दिसताच गोल कानशीने दात परजावेत. खाऱ्या दमट हवेत पट्टी लवकर गंजते. म्हणून पावसाळ्यापूर्वी टाकी रिकामी करून साखळी तेलात भिजवून ठेवणे हिताचे असते.

पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडास लागल्यास यंत्र झटक्याने चालविणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. बहुतेक गंभीर अपघातांचे हे एक प्रमुख कारण आहे. वादळात पडलेल्या झाडाची खोडे व फांद्या ताणलेल्या असतात. कोणत्या बाजूस ताण व कोणत्या बाजूस दाब आहे, हे न पाहता काप घेतल्यास फांदी उसळते वा पट्टी अडकते. प्रथम दाबाच्या बाजूने उथळ व नंतर ताणाच्या बाजूने पूर्ण काप घ्यावा. विजेच्या तारा अडकलेल्या झाडास वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री झाल्याखेरीज हात लावू नये. शिरस्त्राण, चष्मा, कानांची टोपणे, हातमोजे व जाड बूट यांचा खर्च यंत्राच्या किंमतीतच धरावा. झाडावर चढून, शिडीवर उभे राहून किंवा एकट्याने हे यंत्र चालवू नये.

साखळी करवतीने चार माणसांचे दोन दिवसांचे काम अर्ध्या तासावर आणले. वादळानंतरच्या सकाळी हा लाभ मोठा असतो; पण त्याच वेगाने तीन पिढ्यांना फळे देणारा रायवळ आंबाही आडवा होऊ शकतो. जुन्या हत्यारांच्या संथपणामुळे आपोआप मिळणारी विचाराची सवड आता यंत्राच्या मालकास स्वतःहून घ्यावी लागते. आज्ञापत्रात राजसत्तेने स्वतःवर घालून घेतलेली मर्यादा कोकणातील बागायतदारालाही तितकीच लागू पडते.