फा त्रिकोणी, सोल गोल

सा रे ग म्हणून बघा, मग म प ध. दोन्ही तुकड्यांत स्वरांमधली अंतरं अगदी सारखी आहेत. जुन्या इंग्रज गाणाऱ्यांनी हे हेरलं आणि सात स्वरांचं काम चार नावांवर भागवलं: फा सोल ला, पुन्हा फा सोल ला, आणि एकटा उरलेला निषाद म्हणजे मी. अकराव्या शतकात इटलीतल्या ग्विदो नावाच्या साधूने स्वरांना अक्षरं दिली होती, त्या घराण्याची ही धाकटी पाती. समुद्र ओलांडून ती अमेरिकेत, न्यू इंग्लंडमध्ये पोचली.

तिथल्या प्रार्थनेतलं गाणं तेव्हा विस्कटलेलं होतं. स्वरलिपी वाचणारे थोडेच. बाकीचे आठवेल तशी चाल ओढायचे. म्हणून १७२० च्या सुमारास गायनशाळा निघाल्या. फिरता मास्तर गावात यायचा, काही आठवडे संध्याकाळी गावकऱ्यांना शिकवायचा आणि पुढच्या गावची वाट धरायचा. अशा मास्तरांपैकीच बोस्टनचा विल्यम बिलिंग्ज कातडी कमावण्याचा धंदा करायचा; त्याने १७७० मध्ये निव्वळ स्वतःच्या रचनांचं पुस्तक काढलं.

वाचनाची अडचण मात्र कायम होती. पाच रेघांवर बसलेला काळा ठिपका कुठला स्वर, हे कळायला आधी त्या गाण्याचा षड्ज कुठे धरलाय ते शोधायचं आणि तिथून मोजत जायचं. १८०१ च्या सुमाराला विल्यम लिटल आणि विल्यम स्मिथ यांच्या ‘द ईझी इन्स्ट्रक्टर’ या पुस्तकाने ठिपक्याचा आकारच बदलला. फा त्रिकोणी, सोल गोल, ला चौकोनी, मी पत्त्यांतल्या चौकटीसारखा. आता मोजायचं कारणच उरलं नाही. आकार दिसला की नाव ओठांवर आणि नावापाठोपाठ सूर गळ्यात. इतकी साधी आणि इतकी उदार युक्ती मला संगीताच्या इतिहासात क्वचितच दिसते.

शहरांना ती रुचली नाही. बोस्टनमध्ये लोवेल मेसनसारख्या सुधारकांना युरोपचं शिस्तशीर संगीत हवं होतं. ही गावठी आकारलिपी त्यांच्या लेखी मागासलेली. ती दक्षिणेकडे सरकली. १८३५ मध्ये साउथ कॅरोलायनाच्या विल्यम वॉकरने ‘सदर्न हार्मनी’ काढलं, १८४४ मध्ये जॉर्जियात बी. एफ. व्हाइट आणि ई. जे. किंग यांनी ‘द सेक्रेड हार्प’. पुढे सात आकारांची पद्धतही आली, पण या पुस्तकाने चार सोडले नाहीत. नावातली ‘हार्प’ म्हणजे माणसाचा गळा, असं गाणारे सांगतात. साथीला वाद्य नसतंच.

आजही हे गाणारे बाकं चौकोनात मांडतात, चार बाजूंना चार आवाज, तोंडं आत. मूळ चाल तिसऱ्या आवाजाकडे, म्हणजे टेनरकडे. तिथे बाया आणि पुरुष दोघंही गातात. मधल्या रिकाम्या जागेत एक जण येतो, गाण्याचा पान नंबर सांगतो. कुणीतरी जाणता अंदाजानेच षड्ज लावतो. हात वरखाली होतात आणि पहिल्या खेपेला शब्द नाहीतच, नुसतं फा सोल ला. चारी बाजूंचे आकार एकमेकांवर आदळतात. मग शब्द. एकदोन गाणी झाली की मधला माणूस बाकावर परततो आणि पुढच्याचं नाव पुकारलं जातं. दुपारी घरून आणलेलं जेवण आवारात मांडतात. वार्षिक मेळाव्यात वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचून त्यांच्यासाठी गातात.

ही परंपरा टिकली त्याचं कारण मला या चौकोनातच दिसतं. इथे श्रोत्यांसाठी कुणी गात नाही, म्हणून श्रोते घटले तरी मेळा मोडत नाही. उलट नवी गाणी, नवे लोक येत राहतात. अलाबामाच्या ओझार्कमध्ये जज जॅक्सन (‘जज’ हे त्याचं नावच) या कृष्णवर्णीय रचनाकाराने १९३४ च्या मंदीत ‘द कलर्ड सेक्रेड हार्प’ छापलं. आपल्या लोकांच्या रचना आपल्या पुस्तकात असाव्यात, ही त्याची आस. १९५९ मध्ये लोकसंगीताचा संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्सने अलाबामातच फाइफ गावी मेळा ध्वनिमुद्रित केला. १९९१ च्या ‘सेक्रेड हार्प’मध्ये तेव्हा हयात असलेल्या रचनाकारांची गाणीही आली. आता आयर्लंडमध्ये कॉर्कला, पोलंडमध्येही असे चौकोन भरतात.

कित्येकांना अख्खं गाणं तोंडपाठ असतं. तरीही पहिली खेप फा सोल ला. शेजारी आज पहिल्यांदाच आलेला कुणी बसलेला असतो, त्याचं बोट अजून त्रिकोणावरून चौकोनाकडे सरकत असतं.