वही कोणाच्या हाती?
पुण्यातील लेखाशिक्षणाची वाटचाल

दहावी-बारावीचे निकाल लागले की धर्मग्रामातील घराघरांत एकच चर्चा सुरू होते. गुण भरपूर मिळाले तर विज्ञान, त्याहून कमी मिळाले तर वाणिज्य आणि कुठेच जमले नाही तर कला, अशी विद्याशाखांची एक उतरंड आपण मनाशी रचून ठेवली आहे. त्यामुळे 'मुलगा बी.कॉम. करतो' हे वाक्य कित्येक आईवडील काहीसे ओशाळून उच्चारतात. लेखाकर्म म्हणजे आकडेमोड आणि आकडेमोड म्हणजे कारकुनी, असे समीकरण त्यामागे असते. या समीकरणाला इतिहासाचा आधार आहे काय, हे पुणे शहराच्या संदर्भात तपासून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. ज्या शहरात एकेकाळी हिशेबनीस राज्य चालवीत होता, त्या शहराबाबत हा प्रश्न अप्रस्तुत ठरू नये.

तो हिशेबनीस म्हणजे नाना फडणवीस (१७४२–१८००). 'फडणवीस' हे त्यांचे मूळ आडनाव नव्हे. त्यांचे नाव बाळाजी जनार्दन भानू. फडणीस हे राज्याच्या जमाखर्चाचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याचे पद, आणि ते भानू घराण्यात वंशपरंपरेने चालत आले होते. सवाई माधवराव अल्पवयीन असताना राज्याची सर्व सूत्रे या हिशेबनिसाच्या हाती एकवटली. त्याच सवाई माधवरावांच्या काळात, १७९२ साली, पेशव्यांच्या सैन्यातील कॅथलिकांच्या उपासनेसाठी शहरात जागा मिळाली आणि क्वार्टर गेटजवळच्या आपल्या सिटी चर्चचा पाया घातला गेला. म्हणजे पुण्यातील आपल्या समाजाचा आरंभही नानांच्याच कारकिर्दीतला आहे.

पेशवाई १८१८ साली संपली, परंतु तिचे हिशेब राहिले. मोडी लिपीतील रोजकीर्दींचे रुमालच्या रुमाल पुण्याच्या पेशवे दफ्तरात आजही जतन केलेले आहेत. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या अवघ्या काही वर्षांत त्या दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. दररोजची जमा, दररोजचा खर्च, त्याची खातेवार मांडणी आणि वर्षअखेरचा ताळेबंद ही शिस्त त्या काळी चांगलीच मुरलेली होती. मात्र ती शिकवणारी शाळा नव्हती. कारकुनाचा मुलगा वडिलांच्या बैठकीशेजारी बसून मोडीचे वळण आणि जमाखर्चाची रीत शिके. गावोगावी कुळकर्णी हा गावचा हिशेब लिही आणि तेही वतन म्हणूनच. हिशेबाची विद्या ही अशा रीतीने काही घराण्यांची मिरास बनली होती.

या व्यवस्थेची दुसरी बाजू अशी, की ज्यांचे नाव त्या वहीत लिहिलेले असे, त्यांना ती वही वाचता येत नसे. सारा किती थकला, कर्ज किती फिटले, व्याज कितीने चढले, हे शेतकऱ्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागे, आणि ऐकून त्याखाली अंगठा उमटवावा लागे. पुण्यातील आपल्या अनेक कुटुंबांची मुळे अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात आहेत. तेथे १८७८ पासून येशूसंघीय धर्मगुरूंनी ज्या भूमिहीन आणि गरीब लोकांमध्ये कार्य सुरू केले, ते लोक तर या वहीच्या सर्वांत तळाशी होते. आपल्या पणजोबांचे नाव वहीत होते, पण वही त्यांच्या हाती नव्हती, हे आपण विसरता कामा नये.

या असहायतेचा स्फोट १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी झाला. बाजारच्या दिवशी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरादुकानांवर हल्ला केला, त्यांच्या वह्या आणि कर्जरोखे हिसकावले आणि ते जाळून टाकले. हे लोण पाहता पाहता पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. इतिहासात 'दख्खनचे दंगे' या नावाने ही घटना ओळखली जाते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की लोकांचा मुख्य रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. जी वही वाचता येत नाही, तिच्याशी करता येण्याजोगी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे तिला आग लावणे. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. त्यात सावकाराने ऋणकोला पावती द्यावी, वर्षाचा हिशेब लिहून द्यावा, पासबुक द्यावे, अशा तरतुदी होत्या. कायद्याने शेतकऱ्याला हिशेबाचा उतारा मिळवून दिला खरा, परंतु तो वाचण्याची दृष्टी कायदा देऊ शकत नव्हता.

ती दृष्टी कोठून यावी, याचे उत्तर पुण्यातच राहणाऱ्या एका द्रष्ट्या पुरुषाने दिले. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणात कोणते विषय असावेत हे सांगितले. मोडी आणि बाळबोध लेखन-वाचन यांच्या जोडीला त्यांनी हिशेबाचा स्पष्ट उल्लेख केला. इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य हे विषय त्यानंतर येतात. सुप्याच्या आगीनंतर सातच वर्षांनी मांडलेली ही मागणी आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. मोडी ही दफ्तराची लिपी आणि हिशेब ही दफ्तराची विद्या. बंद दाराआडच्या या दोन्ही गोष्टी गावच्या शाळेत उघड्यावर याव्यात, हा त्या मागणीचा गाभा होता.

हिशेबाची विद्या उघड्यावर आणण्याचे असेच एक कार्य युरोपात त्यापूर्वी सुमारे चारशे वर्षे एका संन्याशाने केले होते. लुका पाचोली हे फ्रान्सिस्कन संघाचे व्रतस्थ आणि गणिताचे अध्यापक. १४९४ साली व्हेनिसमध्ये त्यांचा गणितावरील मोठा ग्रंथ छापला गेला. त्यातील एका प्रकरणात त्यांनी व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची द्विनोंदी पद्धत क्रमवार समजावून सांगितली. ही पद्धत त्यांनी शोधली नाही, ती व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर आधीपासून रूढ होती. पाचोलींनी ती पेढीवरून उचलून छापील पुस्तकात आणली, त्यामुळे ज्याच्या घरी पेढी नाही त्यालाही ती शिकता येऊ लागली. व्यापाऱ्याने देवाचे नाव घेऊन वही सुरू करावी, असे ते सांगतात, आणि पहिल्या वह्यांवर क्रुसाची खूण करण्याच्या रीतीचाही उल्लेख करतात. आपल्याकडील व्यापारी नव्या वहीच्या आरंभी 'श्री' काढतो, त्याच भावनेतली ही रीत म्हणायची.

आपल्या देशात हे शिक्षण विद्यापीठाच्या पातळीवर यायला विसावे शतक उजाडावे लागले. १९१३ साली मुंबईत सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालय सुरू झाले. त्याच वर्षी नवा कंपनी कायदा झाला आणि कंपन्यांच्या हिशेबांचे लेखापरीक्षण सक्तीचे झाले. १९१८ साली मुंबई सरकारने लेखाशास्त्राची शासकीय पदविका सुरू केली. पुण्याच्या विद्यार्थ्याला मात्र वाणिज्य शिकायचे तर घर सोडून मुंबई गाठावी लागे. विद्येचे माहेरघर म्हणवणाऱ्या या शहरात डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १८८५ साली फर्ग्युसन महाविद्यालय स्थापन केले, आणि त्याच संस्थेचे बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय सुरू झाले ते १९४३ साली. मध्ये ५८ वर्षे गेली. साखर उद्योजक चंद्रशेखर आगाशे यांच्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटने देणगी दिली आणि तिचेच नाव महाविद्यालयाला लाभले. पहिले प्राचार्य होते नामवंत अर्थशास्त्रज्ञ आणि सहकाराचे अभ्यासक द. गो. कर्वे. पुढे ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरूही झाले.

स्वातंत्र्यानंतरचे १९४९ हे वर्ष या कथेत दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी पुणे विद्यापीठ सुरू झाले, आणि त्याच वर्षी सनदी लेखापालांचा कायदा होऊन १ जुलै रोजी त्यांची राष्ट्रीय संस्था अस्तित्वात आली. लवकरच खडकी, पिंपरी, आकुर्डी या पट्ट्यात कारखाने उभे राहिले, आणि प्रत्येक कारखान्याला यंत्राइतकीच हिशेब ठेवणाऱ्याची गरज भासू लागली. १९६९ साली कॅम्पच्या बाजूला नेस वाडिया वाणिज्य महाविद्यालय निघाले, आणि पूर्व पुण्यात राहणाऱ्या आपल्या मुलामुलींना ही विद्या घराजवळ उपलब्ध झाली. जे शिक्षण एकेकाळी ठरावीक घराण्यांत जन्म घेतल्यावाचून मिळत नसे, ते आता प्रवेश अर्ज भरणाऱ्या कोणालाही मिळू लागले. पुणे विद्यापीठाला २०१४ साली सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. जोतीरावांनी हिशेबाचे शिक्षण मागितले, आणि आज बी.कॉम.च्या पदवीपत्रावर सावित्रीबाईंचे नाव असते. ज्याला ही पदवी मिळेल त्याने ते नाव एकवार लक्षपूर्वक वाचावे.

आता या अभ्यासाच्या स्वरूपाविषयी थोडेसे. अकरावीच्या 'पुस्तपालन आणि लेखाकर्म' या विषयाचे मराठी पुस्तक उघडले तर रोजकीर्द, खतावणी, तेरीजपत्रक, ताळेबंद हे शब्द भेटतात. त्यांची मुळे मोडी दफ्तरात आहेत. शब्द जुने, पण आशय पाचोलींच्या द्विनोंदी पद्धतीचा, असा हा संगम आहे. पदवीच्या वर्गात याच पायावर कंपन्यांचे हिशेब, परिव्यय, करआकारणी आणि लेखापरीक्षण यांची उभारणी होते. बेरीज-वजाबाकी आज संगणक करतो. विद्यार्थ्याने शिकायचे असते ते हे, की कोणता व्यवहार कोणत्या खात्यात जातो आणि का; नफा दिसतो तो खरा की केवळ कागदावरचा; हातातला पैसा आपला की दुसऱ्याने विश्वासाने सोपवलेला. हे प्रश्न कारकुनीचे नाहीत, विवेकाचे आहेत.

ख्रिस्तसभेला हे प्रश्न नवे नाहीत. संत लूकच्या शुभवर्तमानात धनी आपल्या कारभाऱ्याला बोलावून हिशेब मागतो, आणि संत मत्तयच्या शुभवर्तमानात परदेशाहून परतलेला धनी दासांकडून दिलेल्या धनाचा जाब घेतो. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६२ साली धर्मसंस्थांच्या कारभाऱ्यांनी दरवर्षी महागुरूंना हिशेब द्यावा असे ठरवले. १९८३ च्या धर्मसंहितेचे कलम ५३७ प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असावी असे सांगते, कलम १२८४ जमाखर्चाच्या वह्या नीट ठेवाव्यात असे बजावते, आणि कलम १२८७ भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांनाही द्यावा असे नमूद करते. देशाच्या कायद्याचाही तोच आग्रह आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार आपल्या राज्यातील विश्वस्त संस्थांचे लेखापरीक्षण बंधनकारक आहे. सेमिनरीत आम्ही धर्मगुरू तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकतो. अर्थसमितीच्या बैठकीत मात्र आमच्याइतकीच, किंबहुना आमच्याहून अधिक, गरज असते ती ताळेबंद वाचू शकणाऱ्या प्रापंचिकाची.

अर्थात ज्ञान म्हणजे सचोटी नव्हे. बारा प्रेषितांमध्ये जकात नाक्यावर बसलेला, हिशेबात मुरलेला मत्तय होता, आणि पैशाची थैली सांभाळणारा यहूदाही होता. पहिला आज लेखापालांचा आश्रयदाता संत आहे, आणि दुसऱ्याचे नाव आपण मुलांना देत नाही. सहकाराच्या क्षेत्रातही दोन्ही चित्रे दिसतात. वसईच्या आपल्या बांधवांनी १९१८ साली बॅसीन कॅथलिक सहकारी बँक स्थापन केली आणि ती शंभरी ओलांडून उभी आहे. उलट पुण्यात १९१२ साली निघालेल्या रुपी सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने २०१३ साली निर्बंध घातले आणि २०२२ साली तिचा परवाना रद्द केला. मधल्या वर्षांत स्वतःच्याच पैशासाठी ताटकळलेल्या ठेवीदारांना विचारावे, हिशेब कळणारी आणि वेळीच प्रश्न विचारणारी माणसे समाजात का हवीत ते.

म्हणून आईवडिलांना आमचे सांगणे एवढेच, की मुलाचा किंवा मुलीचा कल लेखाकर्माकडे असेल तर ती निवड गुणांच्या तराजूत तोलून हलकी ठरवू नये. ज्या विद्येअभावी आपल्या पूर्वजांना दुसऱ्याच्या वहीखाली अंगठा उमटवावा लागला, ती विद्या आता आपल्या लेकरांच्या आवाक्यात आहे. शिकलेल्या मुलांनीही ती केवळ कंपनीच्या कचेरीपुरती ठेवू नये. महिलांच्या बचत गटाची वही, पतपेढीचा वार्षिक अहवाल, धर्मग्रामाचा जमाखर्च यांसाठी महिन्यातली एक संध्याकाळ त्यांनी राखून ठेवावी. वर्षअखेरीस चर्चच्या फलकावर हिशेब लागतो. मिस्सा आटोपून त्याच्यासमोरून पुढे निघून जाणाऱ्यांनी यंदा तेथे थांबावे, तो वाचावा, आणि काही कळले नाही तर विचारावे. विचारणाऱ्याला उत्तर देणे हे आम्हां कारभाऱ्यांचे कर्तव्यच आहे.