आधी माणूस, मग कुत्रं : सीमाभागातल्या रेबीज लसीची गोष्ट

अफझलपूर तालुक्यातल्या गाणगापूरला जाणारा भाविक दत्ताच्या पायाशी चार कुत्री बघतो, त्यांना चार वेद म्हणतो. भालकीजवळच्या मैलारला खंडोबा. त्याच्याही सोबत कुत्रं. पण याच मुलखात कुत्रं पिसाळलं की उपाय एकच, काठी. सरकारी रीतही वेगळी नव्हती. जून १८३२ मध्ये मुंबईत मोकाट कुत्री मारायला सुरुवात झाली, तेव्हा पारशी मंडळींनी दंगल केली होती.

पाश्चरनं १८८५ साली लस दिली ती चावलेल्या मुलाला. भारतात पहिली पाश्चर संस्था कसौलीला १९०० साली निघाली, दक्षिणेतली कून्नूरला १९०७ साली. निजामाच्या राज्यातल्या बीदर-गुलबर्ग्याहून ही दोन्ही ठिकाणं किती लांब, ते नकाशा काढून बघा. गुलबर्ग्याला रेल्वे होती, पण खेड्यातला माणूस आधी मांत्रिकाकडं जाणार. आणि या रोगात उशिराला माफी नाही. लक्षणं दिसली की माणूस जवळजवळ हमखास जातो.

१९११ साली कसौलीला डेव्हिड सेम्पल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस केली. आमच्या पिढीनं धसका घेतलेली बेंबीभोवतीची चौदा इंजेक्शनं ती हीच. क्वचित कुणाला त्यानं लकवाही व्हायचा. तरी ती २००४ अखेरपर्यंत चालली! आता दंडावर मोजकी इंजेक्शनं पुरतात.

हा झाला माणसाचा हिशेब. जपानमध्ये उमेनो आणि दोई यांनी १९२१ सालीच कुत्र्यांना लस टोचायला घेतली होती. आपण मात्र गळकी टाकी तशीच ठेवून खाली बादल्या लावत बसलो, असं माझ्यातल्या इंजिनिअरला वाटतं. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली तर त्यांच्यातली साखळी तुटते. घरच्या पिलाला तिसऱ्या महिन्यात पहिली मात्रा, नंतर डॉक्टर सांगतील तसा बूस्टर. मांजरालाही हेच, ती उंदरामागं बाहेर हिंडते, हे विसरू नये.

शेजारच्या गोव्यानं गल्लोगल्ली कुत्री धरून टोचली आणि २०२१ साली स्वतःला रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर केलं. आपल्याकडं बीदरला तर कर्नाटकाचं पशुवैद्यकीय विद्यापीठच आहे, २००४ च्या कायद्यानं झालेलं. म्हणजे जाणकारांसाठी कसौली गाठायला नको.

अडचण कुत्रं धरण्याची असते. गाणगापुरात भर दुपारी दत्तमहाराज कुठल्याही रूपात माधुकरीला येतात अशी श्रद्धा, त्यामुळं तिथं कुत्र्याला हाडहुड करायला माणूस कचरतो. हातातली भाकर खायला जवळ येणारं कुत्रं टोचायला सगळ्यात सोपं.