‘एन्थुझिॲझम’ आणि ‘करिझ्मा’ : दोन इंग्रजी शब्दांचा इतिहास व संभाषण-कौशल्याचे अध्यापन

प्रस्तावना

नोकरीच्या मुलाखतीला सामोरे जाताना आपल्या पदवीधर विद्यार्थ्याला इंग्रजी संभाषणाची भीती वाटते, हा आपणा प्राध्यापकांचा नित्याचा अनुभव आहे. ही भीती दूर व्हावी म्हणून महाविद्यालयांतून संभाषण-कौशल्याचे वर्ग सुरू झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये पदवी स्तरासाठी तयार केलेल्या ‘जीवन कौशल’ अभ्यासक्रमातही संभाषणाला महत्त्वाचे स्थान आहे. अशा वर्गांत प्रभावी बोलण्यासाठी शब्दांच्या याद्या पाठ करून घेतल्या जातात. ‘एन्थुझिॲझम’ आणि ‘करिझ्मा’ हे त्यांतील दोन लाडके शब्द होत. सराव-मुलाखतीत एखादा विद्यार्थी खाली मान घालून, पाठ केलेल्या सुरात ‘आय ॲम एन्थुझिॲस्टिक’ म्हणतो आणि परीक्षक ‘उत्साह’ या रकान्यात त्याला कमी गुण देतो. या रकान्यात आपण नेमके काय मोजतो? प्रस्तुत लेखात या दोन शब्दांच्या इतिहासाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

निंदेचा शब्द

‘एन्थुझिॲझम’चे मूळ ग्रीक भाषेत आहे. ज्याच्या अंतरी देवाचा संचार झाला आहे तो ‘एन्थिऑस’. प्लेटोच्या ‘आयॉन’ या संवादात कवीची आणि काव्यगायकाची प्रेरणा अशा दैवी संचाराने स्पष्ट केली आहे. इंग्रजीत मात्र सतराव्या शतकात हा शब्द रुजला तो प्रामुख्याने आरोप म्हणून. १६४२ मध्ये सुरू झालेल्या यादवी युद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये अनेक धर्मपंथ उदयास आले. चर्चची दीक्षा किंवा विद्यापीठाचे शिक्षण नसलेले कारागीर, सैनिक आणि स्त्रियाही ईश्वरी प्रेरणेचा दाखला देऊन जाहीरपणे बोलू लागल्या. भांडी दुरुस्त करणारा जॉन बन्यन परवान्याविना उपदेश करतो म्हणून १६६० मध्ये तुरुंगात गेला आणि सुमारे १२ वर्षे तेथे राहिला. क्वेकर पंथाच्या मार्गारेट फेल यांनी १६६६ मध्ये स्त्रियांच्या बोलण्याच्या अधिकाराचे समर्थन करणारी पुस्तिका लिहिली.

अशा वक्त्यांच्या आवेशाला विद्वान वर्गाने ‘एन्थुझिॲझम’ हे नाव दिले. मेरिक कॅसोबॉन याने १६५५ मध्ये या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहून हा आवेश दैवी नसून नैसर्गिक कारणांनी उत्पन्न होतो, असे प्रतिपादन केले. जॉन लॉकने आपल्या मानवी आकलनविषयक ग्रंथाच्या १७०० च्या चौथ्या आवृत्तीत ‘एन्थुझिॲझम’वर नवे प्रकरण घातले. विवेकाला बाजूला सारून मनातील खात्रीलाच सत्य मानणे, असा त्याचा आक्षेप होता. डॉ. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशातही या शब्दाचा पहिला अर्थ खासगी ईश्वरी साक्षात्काराचा पोकळ भ्रम असाच आहे. कल्पनेची उंच भरारी हा प्रशंसेकडे झुकणारा अर्थ शेवटी येतो. खाणकामगारांपुढे उघड्या माळावर प्रवचने देणाऱ्या जॉन वेस्लीवरही हाच आरोप झाला. त्यामुळे १७५० मध्ये त्याला या शब्दाच्या स्वरूपावरच प्रवचन प्रसिद्ध करावे लागले.

लॉकच्या आक्षेपात तथ्य नव्हते असे नाही. धर्मवेडाने झालेला रक्तपात त्या पिढीच्या स्मरणात ताजा होता. तथापि, या शब्दाच्या वापरात ‘कोणी बोलावे आणि कोणी बोलू नये’ हा सामाजिक वादही गुंतलेला होता, हे विसरता येत नाही.

निंदेकडून गुणाकडे

स्वच्छंदतावादी विचारांच्या प्रभावाने या शब्दाचे रूप पालटले. मादाम द स्ताल यांच्या जर्मनीविषयक ग्रंथाची अखेरची प्रकरणे उत्साहाच्या गौरवाला वाहिलेली आहेत. नेपोलियनच्या राजवटीने १८१० मध्ये तो ग्रंथ नष्ट केला, पण १८१३ मध्ये तो लंडनहून प्रसिद्ध झाला. अमेरिकेत इमर्सनने १८४१ च्या निबंधात याच गुणाची थोरवी सांगितली. पुढे डेल कार्नेगी यांनी १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या वाय.एम.सी.ए.मध्ये वक्तृत्वाचे वर्ग सुरू केले आणि १९३६ मध्ये त्यांचे लोकप्रिय पुस्तक आले. उत्साह हा शिकता येणारा, व्यवसायात उपयोगी पडणारा गुण ठरला. ज्या आवेशासाठी एकेकाळी अल्पशिक्षिताला हिणवले गेले, त्याचाच अभाव आज त्याच्या गुणांना कात्री लावतो.

‘करिझ्मा’चा प्रवास

‘करिझ्मा’ म्हणजे मूळ ग्रीक अर्थाने कृपेने लाभलेले दान. संत पॉलच्या पत्रांत रोगनिवारण, भविष्यकथन इत्यादी दाने समाजाच्या हितासाठी दिलेली आहेत, असे म्हटले आहे. जर्मन कायदेपंडित रुडॉल्फ झोम यांच्या १८९२ च्या चर्चविषयक ग्रंथातून ही संकल्पना मॅक्स वेबर यांनी घेतली. वेबर यांच्या निधनानंतर १९२२ मध्ये पूर्णत्वाने प्रसिद्ध झालेल्या ‘अर्थव्यवस्था आणि समाज’ या ग्रंथात परंपरागत, करिझ्माधिष्ठित आणि कायदेशीर-विवेकी असे अधिसत्तेचे तीन प्रकार मांडले आहेत. १९४० च्या दशकातील भाषांतरांनंतर हा शब्द इंग्रजी समाजशास्त्रात स्थिरावला आणि पुढे वृत्तपत्रांनी तो राजकीय नेत्यांना लावला. वेबर यांच्या मते अनुयायांनी दिलेली मान्यता येथे निर्णायक असते. म्हणजेच करिझ्मा केवळ वक्त्याच्या जिभेवर नसून ऐकणाऱ्याच्या स्वीकारातही असतो.

मराठीतील प्रतिशब्द

मराठी वृत्तपत्रांत या अर्थाने ‘करिश्मा’ हा शब्द सर्रास येतो. उच्चारातील साम्यामुळे दोन्ही शब्द एकच वाटतात. प्रत्यक्षात ‘करिश्मा’ हा फारसीतून आला असून नेत्रकटाक्ष, चमत्कार असे त्याचे अर्थ आहेत. ग्रीक शब्दाशी त्याचे नाते नाही. ‘उत्साह’ तर पूर्णतः वेगळ्या परंपरेतील. भरताच्या नाट्यशास्त्रात तो वीररसाचा स्थायीभाव आहे. कौटिल्याने मंत्रशक्ती व प्रभुशक्ती यांच्याबरोबर उत्साहशक्ती सांगितली आणि तिचा संबंध पराक्रमाशी जोडला. आपल्या ‘उत्साहा’त देवाचा संचार नाही, नेटाने पुढे जाण्याची क्षमता आहे. केवळ प्रतिशब्द पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती हे भेद लागत नाहीत.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, ‘उत्साही बोलणे’ हा कालातीत निकष नाही. तो इतिहासात घडला आणि बदललाही आहे. दुसरी, प्रभावाचा निम्मा भार श्रोत्यावर असतो. त्यामुळे विद्यार्थ्याला गुण देणाऱ्या परीक्षकाने आपण कसे ऐकतो हेही तपासले पाहिजे. तिसरी, शब्दाआधी आशय हवा. शेती, गावची जत्रा किंवा घरचा व्यवसाय यांविषयी बोलताना ज्या विद्यार्थ्याचा आवाज आपोआप चढतो, त्याला त्याच विषयासाठी इंग्रजी शब्द पुरविणे अधिक फलदायी ठरेल. इंग्रजी शब्दसंपत्ती वाढविणे आवश्यकच आहे. मात्र शब्दाबरोबर त्याचा इतिहासही शिकविला, तर तो शब्द विद्यार्थ्याला स्वतःचा वाटू लागेल. खाली मान घालून बोलणाऱ्या त्या विद्यार्थ्याला निरुत्साही ठरविण्यापूर्वी आपण एवढे तरी करणे अगत्याचे आहे.