लोहदगडापासून लोहरसापर्यंत : भिलाईची अवस्थांतरे

छत्तीसगडच्या भूमीत लोखंड काढण्याची विद्या भिलाईच्या कारखान्याहून पुष्कळ जुनी आहे. अगरिया कारागीर मातीच्या लहान भट्टीत लोहदगड व लाकडी कोळसा घालून भात्याने वारा देत. शुद्ध लोखंडाचा द्रवणांक १५३८ अंश सेल्सिअस. तितकी उष्णता त्या भट्टीत निर्माण होत नसे. त्यामुळे धातुमळी पातळ होऊन वाहून जाई. लोखंड मात्र स्थायूरूपातच, सच्छिद्र गोळा होऊन मागे राही आणि घणाखाली घडवले जाई.

या परिसरातील लोहउद्योगाचे वर्णन भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी १८८७ मध्ये प्रसिद्ध केले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी दोराबजी टाटांनी नागपूरच्या संग्रहालयातील भूवैज्ञानिक नकाशात दुर्गचा लोहसमृद्ध प्रदेश पाहिला. दल्ली-राजहराच्या टेकड्या उत्तम लोहदगडाच्या निघाल्या. परंतु कोक होण्याजोगा कोळसा जवळपास नव्हता. टाटांचा कारखाना अखेर साकचीस उभा राहिला आणि दुर्गचा दगड अर्धशतक तसाच पडून राहिला.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईचा करार झाला. त्या वेळी मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरच होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दल्ली-राजहराचा लोहदगड, नंदिनीचा चुनखडक आणि रेल्वेने दुरून आलेला कोळसा येथे एकत्र आले.

झोतभट्टीत कोक जळून कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. तो लोहदगडातील ऑक्सिजन हिरावून घेतो. मोकळे झालेले लोखंड सुमारे चार टक्के कार्बन शोषते आणि त्याचा द्रवणांक ११५० अंशांच्या आसपास उतरतो. अगरियांच्या भट्टीत स्थायूच राहिलेले लोखंड येथे रस होऊन वाहते, ते यामुळे. पुढे ओपन हार्थ भट्टीत जादा कार्बन जाळून पोलाद होई. ते साच्यांत गोठवून, पुन्हा तापवून लाटले जाई. १९६० पासून त्याचे रेल्वेरूळ होऊ लागले.

स्थायू व द्रव डोळ्यांना दिसतात; वायू दिसत नाही. १२ जून २०१४ रोजी पाण्याचा दाब घटला आणि झोतभट्टीचा विषारी वायू पंपघरात शिरला. त्यात सहा जणांचे प्राण गेले. मृतांत वरिष्ठ अधिकारीही होते. भिलाईच्या इतिहासात उत्पादनाच्या आकड्यांइतकेच या नोंदीलाही स्थान असले पाहिजे.

देशाच्या नाना प्रांतांतून माणसे या भट्ट्यांवर आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. त्यांच्या मुलांनी विज्ञानाच्या पुस्तकात पदार्थाच्या तीन अवस्था अभ्यासल्या. त्याच अवस्थांवर त्यांच्या घरची चूल पेटत होती, आणि पाळीवर गेलेले माणूस सुखरूप परतण्याची काळजीही त्यांच्याशीच जोडलेली होती.